टक्का कुणाचा

मंगळवारी संध्याकाळी वाचनालयाच्या तळघरात,
बॉयलरला लागून असलेल्या खोलीत,
सहाजण टक्केवारी शिकतात आणि मी फळ्यापाशी उभा असतो.
यंग्सटाउनात बर्फ थांबून आठवडा झाला
तरी कोट कुणी काढत नाही.

पुस्तकातला कोट ऐंशी डॉलरचा.
आधी पंचवीस टक्क्यांनी महागतो,
मग पंचवीस टक्क्यांनी स्वस्त होतो.
आता केवढ्याला?
अ) पंच्याहत्तर
ब) ऐंशी
क) पंच्याऐंशी
ड) सांगता येत नाही

ओरेस्ट ब म्हणतो. मिल्टा ब म्हणते,
तिच्या मागचे तिघेही ब.
ब त्यासाठीच असतो. सापळ्यातलं खोबरं.
चढला तेवढाच उतरला, म्हणजे होता तिथेच आला
असं वाटणाऱ्या भल्या माणसांसाठी
कुणीतरी पगार घेऊन तो तिथे बसवलेला असतो.

मी नेहमीचं सांगतो:
टक्का दिसला की
गल्लीत चुकलेल्या पोराला विचारावं तसं विचारा,
तू कुणाचा रे?
पहिला पंचवीस ऐंशीचा. दुसरा शंभराचा.
दिसायला जुळे, पण आई वेगळी.

"ऐंशी नाहीच," व्हर्लीन टिब्स म्हणाली.
ती दुकानात उतरलेल्या किमतींची लाल लेबलं चिकटवते,
अंगठ्याच्या नखाखाली कायम गोंद.
पेन्सिल तिने उचललीही नव्हती.
"माझ्या बापाने हे सोडवलंय.
विजेच्या बिलाच्या पाठीवर."

नळ्यांच्या कारखान्याने, ती सांगू लागली,
तासाच्या दहा डॉलरमधले वीस टक्के कापले.
राहिले आठ.
दोन हिवाळ्यांनी वीस टक्के वाढ दिली
आणि फाटकावर नोटीस लावली: घेतलं तेवढं परत केलं.
पाकिटात मात्र आठवड्याला सोळा डॉलर कमी.
बाप तीन-तीनदा मोजायचा.
आई मोजायची नाही, त्याचं तोंड हुंगायची.
सोळा डॉलर कुठल्या गुत्त्यावर बसतात ते तिला माहीत होतं,
म्हणजे, माहीत आहे असं तिला वाटायचं.
"तो नऊ-साठची चिठ्ठी दाखवायचा,
ती नोटिशीकडे बोट दाखवायची.
बर्फ वितळल्यावर तो एरीला भावाकडे गेला
आणि तिकडचाच झाला.
पुढच्या वर्षी पोस्टाने ते बिल आलं.
ख्यालीखुशाली नाही, सही नाही.
मागच्या बाजूला नुसतं गणित.
आईने ते पीठाच्या डब्यात ठेवलं होतं,
मरेपर्यंत."

बॉयलर धडधडला, मग गप्प झाला.
ओरेस्टने ब खोडून अ केला.

"मिस्टर स्लिव्का, पेपरात हेही विचारतात का,
मधले कुणाच्या खिशात गेले?"
नाही, मी म्हटलं. चारच पर्याय असतात
आणि एका प्रश्नाला दीड-दोन मिनिटं.
शनिवारी नऊच्या आत पोहोचा.
ओळखपत्र विसरू नका.

ते जिना चढून गेले. मी फळा पुसला,
कोपऱ्यातला टक्का पुसायचा राहिला, तोही पुसला.
मी निवृत्त हिशेबनीस, एवढं त्यांना ठाऊक आहे.
कुठला, ते सहाजणांतल्या एकानेही
आजवर विचारलेलं नाही.

ती नोटीस मी टाइप केली. मध्ये कार्बन घालून, तीन प्रती.
आठाचे पुन्हा दहा व्हायला
वीस नाही, पंचवीस लागतात,
हे मला तेव्हाही येत होतं.
साहेबांनी दारातूनच विचारलं होतं,
स्लिव्का, हिशेब चुकला नाही ना?

चुकला नव्हता.